शेडमधले प्रश्न : उशी सगळ्यात शेवटी

मागच्या महिन्यात मी सहज लिहून गेलो होतो की घरी विमान बांधणारी माणसं इंजिनावर तासन्‌तास बोलतील पण आपण बसणार कुठे आणि कसं हे कुणी विचारत नाही. ते बहुतेक लागलं कुणाकुणाला, कारण तेव्हापासून सगळी पत्रं बसण्याबद्दलच येतायत. एक पत्र मोठं आहे, त्याचं उत्तरही लांबलंय, बाकीची भराभर घेतो.

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही दोघं भाऊ आणि एक मित्र, सातपूरला शेड भाड्याने घेऊन दोन सीटचं विमान बांधतोय. प्लॅन बाहेरून मागवलेत, स्टील ट्यूबचा सांगाडा, वर कापड, टेलव्हीलवालं म्हणजे छोटं चाक शेपटीखाली, सीट शेजारी शेजारी. कंट्रोल बसवून झालेत. आता घोळ असा की मी ५ फूट ४ इंच आणि धाकटा ५ फूट ११. मी बसलो की पेडलला पाय जेमतेम पोचतात आणि विमानाच्या नाकावरून पुढचं काही दिसत नाही, म्हणून खाली एक आणि पाठीला एक अशा सोफ्याच्या दोन उशा घेतल्या. आता दिसतं, पण डोकं वरच्या ट्यूबला लागतं, आणि फ्युएल व्हॉल्व्ह डाव्या खांद्याच्या मागे राहिलाय, तिथे हात न्यायचा तर अख्खं वळावं लागतं. प्लॅनमध्ये तो पुढे होता, पाईप आखूड व्हावा म्हणून आम्हीच मागे नेला. वर अर्ध्या तासात कंबर धरते. फोम कुठला घ्यावा? — एक वाचक, सातपूर

उत्तर : भाऊ, फोमचं नंतर बघू. आधी तो व्हॉल्व्ह आहे तिथून काढा, उद्याच काढा.

घाबरवायला सांगत नाही पण तुमचं पत्र वाचून अंगावर काटा आला, कारण हे अगदी अस्संच एकदा घडून गेलंय. १२ ऑक्टोबर १९९७, अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर. गायक जॉन डेन्व्हर नुकतंच घेतलेलं लाँग-ईझी जातीचं होमबिल्ट विमान उडवत होता आणि ते समुद्रात पडलं, तो गेला. तिथल्या तपास मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने जे काढलं ते नीट ऐका. प्लॅनप्रमाणे फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं तो व्हॉल्व्ह, पायलटच्या दोन पायांच्या मध्ये असायला हवा होता, ज्याने ते विमान बांधलं त्याने तो डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेला होता. डेन्व्हरला पेडल लांब पडायची म्हणून त्याने पाठीमागे उशी घेतली होती. आता टाकी बदलायला तो मागे वळला की शरीर आपोआप उजव्या पायाने रेटा घेणार, तो पाय असतो उजव्या रडरवर, म्हणजे शेपटीचं सुकाणू वळवणाऱ्या पेडलवर, आणि विमान गेलं हातातून. पेट्रोल कमी होतं, सिलेक्टरवर खुणा नव्हत्या, विमान त्याला नवं होतं, अशी बाकीची कारणंही होतीच. पण तुमच्या पत्रातली उशी आणि तुमच्या पत्रातला व्हॉल्व्ह, दोन्ही त्या अहवालात आहेत.

पाईप आखूड व्हावा म्हणून मागे नेला, हे कारण मला समजतं, मोह होतोच. पण व्हॉल्व्ह प्लॅनमध्ये होता तिथे परत न्या, पाईप दोन फूट वाढला तर वाढू दे. काही लोक व्हॉल्व्ह मागेच ठेवून पुढे लांब दांडा काढतात. चालतं ते, पण दांडा लांब असला की पिळतो आणि टाकी नक्की लागली की नाही ती ‘टक्‌’ हाताला कळत नाही. आणि मुठीचं टोक ज्या बाजूला त्याच बाजूची टाकी असं ठेवा. ‘ऑफ’ला मध्ये एक अडसर पाहिजे, तो उचलल्याशिवाय मूठ तिकडे जाता कामा नये.

आता बसण्याकडे येऊ. मी ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात बरीच वर्षं काढली. तो कारखाना १९६४ ला मिग-२१ साठी उभा राहिला, पुढे सुखोई वगैरे सगळं तिथेच झालं. तिथे डोक्यात बसलेली एक गोष्ट सांगतो, लढाऊ विमानात पायलट बसला की आधी सीट वरखाली करून डोळा जागेवर आणतो, मग पेडल पुढेमागे करून पाय आणतो, आणि हाताच्या वस्तू त्या बसलेल्या माणसाभोवती मांडलेल्या असतात. आपण घरी नेमकं उलटं करतो. रिकाम्या सांगाड्यात जिथे जागा दिसेल तिथे स्विच ठोकतो आणि मग माणसाला उश्या लावून त्या जागेत कोंबतो.

म्हणून क्रम डोळा, पाय, हात, आणि उशी सगळ्यात शेवटी.

डोळ्यासाठी काय करायचं, तुमचं टेलव्हीलचं आहे ना, मग शेपटीखाली घोडी लावून विमान उडताना असतं तसं सरळ करा. शेपूट खाली असताना सीट मागे कललेली असते, त्या अवस्थेत मापं घेतली तर सगळं फसवं निघतं. ५ फूट ११ वाल्याला हेडसेट घालून बसवा. डोक्यावर चार बोटं तरी मोकळी राहिली पाहिजेत, कारण मे महिन्यातल्या दुपारी खालून उन्हाचे धक्के बसतात तेव्हा पट्टा कितीही आवळा, माणूस उसळतोच. चार बोटं उरत नसतील तर सीटचा तळ खाली न्यायला लागेल. त्याच्या डोळ्याशी शेजारच्या ट्यूबवर मार्करने रेघ मारा. मग तुम्ही बसा आणि सीट इतकी उचला की तुमचा डोळा त्याच रेघेवर येईल. सीट उचला म्हणतोय, उशी नाही. खाली चौकट करून दोन-तीन उंच्यांवर बोल्ट लागेल अशी सोय करा.

पायांसाठी दोन रस्ते, एक तर सीट पुढेमागे सरकती करा नाहीतर पेडल. मी पेडलच्या बाजूचा आहे. सरकत्या सीटची पिन भोकात नीट बसली नाही आणि टेकऑफला नाक उचलताना सीट मागे सटकली, तर हातात धरलेली स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, घेऊनच माणूस मागे जातो. सेसनासारख्या कारखान्यात बनलेल्या विमानांच्या सीट रेलवरसुद्धा अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, एफएएने, १९८७ मध्ये सक्तीची तपासणी लावली होती. पेडल सरकते करणं जमत नसेल तर पेडलवर बोल्टने पक्के बसणारे ठोकळे करा, तुम्ही उडवणार त्या दिवशी लावायचे, भाऊ उडवणार तेव्हा काढायचे. दोरीने किंवा वेल्क्रोने बांधलेले ठोकळे नकोत, फिरतात ते. आणि तपासायचं असं की पट्टा आवळून, एक पेडल पूर्ण दाबून त्याच पेडलच्या वरच्या टोकाचा ब्रेकही पूर्ण दाबायचा, तेव्हासुद्धा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ झाला म्हणजे लांब पडतंय. शिवाय टाच जमिनीला टेकलेली पाहिजे, बुटका माणूस टाच उचलून पेडल दाबतो आणि नकळत ब्रेक लागून जातो, टेलव्हीलमध्ये त्याचा अर्थ नाक जमिनीत.

पुढे सरकून बसायचंच ठरलं तर एक हिशोब करून ठेवा. ७० किलोचा माणूस ७ सेंटीमीटर पुढे आला म्हणजे ४९० किलो-सेंटीमीटरचा फरक. विमानाचं भरलेलं वजन ४९० किलो असेल तर सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, बरोब्बर १ सेंटीमीटर पुढे. ऐकायला काहीच नाही वाटत, पण लहान विमानात सीजीचा चालणारा पट्टा दहा-वीस सेंटीमीटरचाच असतो आणि असे दोन-तीन ‘काहीच नाही’ एका बाजूला जमले की झालं.

हाताचं सांगतो. खांद्याचे पट्टे पूर्ण आवळून, खोटे खोटे नाही, उडताना आवळाल तसे आवळून, डोळे बंद करून बसायचं आणि दुसऱ्याने वस्तूंची नावं पुकारायची. थ्रॉटल, मिक्स्चर (इंजिनातलं पेट्रोल-हवेचं प्रमाण), फ्युएल, मॅग्नेटो (इंजिनाची ठिणगी), फ्लॅप (पंखामागे खाली येणारे पट्टे), कॅनोपीची म्हणजे वरच्या पारदर्शक झाकणाची कडी, फायर एक्स्टिंग्विशर. आमच्या शेडमध्ये पहिल्यांदा हे केलं तो दिवस मला आठवतो. मित्र बसला होता, तोंडात सुपारी, एकदम ऐटीत. ‘फ्युएल’ म्हटलं की हात सरळ फ्युएलवर, ‘मॅग्नेटो’ म्हटलं की मॅग्नेटोवर, आम्ही खूष. मग मी म्हटलं ‘मिक्स्चर’, आणि त्याने तितक्याच ऐटीत पार्किंग ब्रेकची मूठ ओढली. दोन्ही मुठी एकाच दुकानातून घेतलेल्या, काळ्या, गोल, एकमेकींपासून चार इंचावर. डोळे उघडून बघितल्यावर सुपारी गिळलीन त्याने. त्या रात्रीच पार्किंग ब्रेक तिथून हलवला. आणि हे सगळं खऱ्या पॅनेलवर करू नका हो, आधी पुठ्ठा, प्लायवूड, पीव्हीसी पाईप आणि टेप घेऊन नकली कॉकपिट करा, पुठ्ठ्यातलं भोक बुजवायला काही लागत नाही, ॲल्युमिनियमचं पॅनेल मात्र पुन्हा कापावं लागतं.

पट्ट्यांचं राहिलंच की. खांद्याचा पट्टा खांद्यावरून मागे साधारण आडवा गेला पाहिजे, थोडा वर चढत गेला तर चालतो, ३० अंशांपर्यंत. खाली उतरत गेला तर धडकेत तो पाठीचा कणा खाली दाबतो. तुम्ही सीट उचलली की खांदे वर जातात आणि पट्ट्याचा अँकर आहे तिथेच राहतो, म्हणजे हा कोन बिघडतो, तो दोघांनाही बसवून पुन्हा बघा. कमरेचा पट्टा हाडावर बसायला हवा, पोटावर नाही.

आता तुमचा फोम. सोफ्याचा मऊ फोम घेऊ नका. कारण ऐकल्यावर पटेल, विमान जोरात आपटलं की सीट एकदम थांबते पण मऊ फोमवरचा माणूस खाली जातच राहतो, फोम चेपून संपला की मग तो सीटच्या तळावर आदळतो, सगळा मार मणक्याला. म्हणजे जाड मऊ उशीपेक्षा पातळ कडक उशी बरी. हळूहळू चेपणारा जो मेमरी फोम म्हणतात तो मुळात याच कामासाठी १९६६ मध्ये नासाकरता शोधला गेला, गाद्यावाले नंतर आले. त्याचे कडक, मध्यम, मऊ असे प्रकार मिळतात. खाली कडक, मध्ये मध्यम, वर बोटभर मऊ, सगळं मिळून दोन-अडीच इंच. एक लक्षात ठेवा की हा फोम थंडीत दगड होतो, जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहावर येतो तेव्हा पहिली दहा मिनिटं लाकडावर बसल्यासारखं वाटेल, फोम खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

आणि डोळ्याची रेघ उशी घालून वीस मिनिटं बसल्यावर पुन्हा बघा. फोम बसतो, आमचा पाऊण इंच बसला होता, पाऊण इंचात नाकापुढची बरीच धावपट्टी दिसेनाशी होते.

कंबर धरते ती बहुतेक फोममुळे नाहीच. तुमच्या मांड्या हवेत असणार. सीटची पुढची कड दीड-दोन इंच उचलून बघा म्हणजे मांडीला आधार मिळेल, पण एवढी नको की पेडल पूर्ण दाबताना कड मांडीत रुतेल. कमरेच्या खोलगट भागात आधार पाहिजे. बीपी मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा आणि पंप घेऊन कव्हरमध्ये शिवतात लोक, स्वस्त आहे, मस्त चालतं. फक्त वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते आणि फुगा फुगतो. आपलं नाशिकच दोन हजार फुटांवर, तिथून आणखी सहा हजार चढलात तर कमरेत कुणीतरी गुडघा घातल्यासारखं होतं. थोडी हवा सोडायची, बास.

प्रश्न : सर, मी आणि मिस्टर मिळून विमान करतोय, उडवणार मी आहे. स्टिक पूर्ण मागे ओढली की पोटाला लागते, डावीकडे घेतली की मांडीला. मिस्टर म्हणतात वरून चार इंच कापून टाकू. कापू का? — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ताई, मिस्टरांच्या हातातली करवत आधी खाली ठेवायला लावा. स्टिक म्हणजे तरफ आहे. समजा खालच्या खिळीपासून मुठीपर्यंत २० इंच आहे आणि त्यातले ४ कापले, तर तेवढ्याच कामाला हाताचा जोर सव्वापट लागेल, आणि हात कमी हलेल त्यामुळे तीच स्टिक हाताला तिखट वाटेल. काही विमानं मुळात इतकी हलकी असतात की सव्वापट जोर उलट बरा वाटतो, काहींमध्ये फ्लेअर करताना, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलताना, हात भरून येतो. म्हणून आधी न कापता बघा, चार इंच खाली टेप गुंडाळून तिथे धरायचं आणि कुणाच्या तरी त्याच जातीच्या विमानात बसायला मिळालं तर तिथे तसं धरून उडून बघायचं.

बहुतेक वेळा कापण्यापेक्षा वाकलेली स्टिक कामाला येते, खालून पुढे झुकून वर पुन्हा येणारी, हंसाच्या मानेसारखी. मात्र आहे तीच ट्यूब गॅसने तापवून वाकवू नका, नवीन तुकडा करून घ्या.

मूळ मुद्दा असा की स्टिक थांबली पाहिजे ती तिच्या धातूच्या स्टॉपवर, तुमच्या पोटावर नाही. पोटावर थांबली म्हणजे एलिव्हेटर, शेपटीवरचा नाक वरखाली करणारा पट्टा, अजून शिल्लक आहे आणि तो तुम्हाला मिळत नाहीये, आणि लँडिंगला नेमका तोच लागतो. शेजारच्या सीटवर मिस्टरांना बसवून, त्यांचे गुडघे त्यांच्या सवयीने पसरलेले असतील तसेच ठेवून, चारही कोपऱ्यांत स्टिक फिरवा. हिवाळ्यातलं जॅकेट घालूनही एकदा बघा. मांडीवर नकाशाची पाटी बांधणार असाल तर ती बांधून.

प्रश्न : भद्रकालीत एक जण बाईकच्या सीट फार भारी शिवतो, त्याच्याकडून रेक्झिनची कव्हरं शिवून घेतली तर चालेल का? — पंचवटी

उत्तर : शिवणारा चालेल, रेक्झिन नको. उन्हात चटका, घामाने चिकटतं आणि पेटलं तर वितळून अंगाला लागतं. जाड लोकरीचं कापड किंवा आग-रोधक म्हणून मिळतं ते आणून त्याला द्या. फोम आणि कापडाचा बोटभर तुकडा अंगणात चिमट्यात उभा धरून खालून काडी लावा, काडी काढल्यावर आपोआप विझलं तर ठीक, जळत राहिलं किंवा थेंब टपकले तर तो माल परत. घरात करू नका, धूर विषारी असतो. आणि त्या भाऊला एक सांगा, शेपटीच्या हाडाखाली फोममध्ये छोटा खाचा ठेव म्हणून, बाईकवाल्यांना ते बरोबर समजतं.

प्रश्न : पॅनेलवरचे सगळे नॉब एकसारखे घेतले तर दिसायला छान दिसतं, मित्र म्हणतात वेगवेगळे घे. — इंदिरानगर

उत्तर : मित्रांचं ऐका. वरची सुपारीची गोष्ट वाचली ना. १९४३ मध्ये अमेरिकन हवाईदलात बी-१७ चे पायलट उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकं वर घ्यायचे, विमान पोटावर. अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बघितलं तर दोन्ही स्विच शेजारी शेजारी आणि एकसारखे. त्याने एकावर रबराचं चाक लावलं, दुसऱ्यावर पाचर, आणि तो प्रकार थांबला. थ्रॉटल काळा, प्रॉपेलर निळा, मिक्स्चर लाल हे रंग तर ठेवाच, पण आकारही वेगळे घ्या, लाल रंग डोळे मिटल्यावर कळत नाही.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये कॅनोपीखाली भट्टी होते. बाजूला मोठा व्हेंट पाडला तरी हवाच येत नाही. — आडगाव

उत्तर : हवा आत येण्याची वाट केलीत, बाहेर जायची केली का? बाटलीत फुंकर मारल्यासारखं होतंय ते. सीटच्या मागे बाहेर पडायला वाट द्या म्हणजे पुढून आपोआप ओढली जाईल. पण ही वाट कुठे पाडता ते जपून, काही जागी ती उलटी चालते आणि शेपटीकडून एक्झॉस्टचा धूर आत ओढते, म्हणून कार्बन मोनॉक्साईडचा डिटेक्टर लावल्याशिवाय हा प्रयोग करू नका. जमिनीवर असताना कॅनोपीवर पांढरं सुती कापड टाकायचं, आणि पट्ट्याचं बक्कल सावलीत ठेवायचं, मी एकदा हाफ पँटवर बसलो होतो, पुढचं सांगत नाही.

प्रश्न : सीट, पेडल वगैरे बदललं तर परत कागदपत्रं करायला लागतात का? तसंही आपल्याकडे घरी बांधलेलं विमान उडू देतात का? — देवळाली

उत्तर : देतात, वेळ लागतो. कांदिवलीला घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवत असतील, २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात त्यांचं विमान होतं आणि २०१७ ला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदणी मिळाली, तीसुद्धा कित्येक वर्षं खेटे घातल्यावर. तेव्हा नोंदणी आणि उडायची परवानगी हातात असल्याशिवाय चाक उचलायचं नाही. बदलाचं म्हणाल तर सीट हलली, पेडल हललं, व्हॉल्व्ह हलला, प्रत्येक वेळी वजन आणि सीजी पुन्हा काढायचं, लॉगबुकात तारीख घालून लिहायचं, फोटो काढून ठेवायचे आणि तपासणीला येणाऱ्या माणसाला आपण होऊन दाखवायचं. त्याने शोधून काढलं तर पुढची दहा मापंही तो संशयाने बघतो.

पुढच्या अंकासाठी कॉकपिटचे फोटो पाठवणाऱ्यांना एकच विनंती, सीटवर माणूस बसवून, पट्टे आवळून, बाजूने काढलेला फोटो पाठवा. रिकाम्या सीटचे आठ फोटो आलेत, त्यातून मला काहीच सांगता येत नाही.